तीस कोटी फेऱ्यांनंतरची कुरकुर

जुनी गाडी बघायला गेलं की पहिली नजर मीटरवर जाते. ८०,००० किलोमीटर. आकडा ऐकून कोणी नाक मुरडतो, कोणी मान डोलावतो आणि बोलणं लगेच किमतीवर येतं. पण जरा थांबा आणि हाच आकडा इंजिनाच्या बाजूनं मोजून बघा. सरासरी वेग ताशी ४० धरला तर हे झाले २,००० तास. मिनिटाला सरासरी २,५०० फेरे धरले तर क्रँकशाफ्ट तोवर ३० कोटी वेळा फिरून झालेला असतो. तीस कोटी! आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पिस्टन एकदा खाली, एकदा वर. म्हणजे ६० कोटी वेळा तो पूर्ण थांबला, उलटा वळला आणि पुन्हा पळाला.

अजून एक हिशेब करू. पिस्टनची धाव साधारण ७७ मिलिमीटरची असते असं समजा. जेमतेम तळहाताच्या रुंदीएवढी. त्या तेवढ्याशा नळकांड्यात खालीवर करत हा पिस्टन एव्हाना ४६,००० किलोमीटर चाललेला आहे. पृथ्वीचा विषुववृत्ताभोवतीचा घेर आहे सुमारे ४०,०७५ किलोमीटर. घरातल्या घरात राहून पृथ्वीप्रदक्षिणा!

एवढं होऊनही क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो, तिथं धातूला धातू जवळजवळ लागलेलाच नसतो. मध्ये तेलाचा थर असतो, काही मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. सगळा भार त्या थरावर. सकाळी गाडी चालू करताना पहिल्या एकदोन क्षणांत जी टिकटिक ऐकू येते, ती बहुतेक वेळा तेल वरपर्यंत पोचण्याआधीची असते. तेल पोचलं की आवाज गप्प. अशा यंत्रानं थोडी कुरकुर केली, तर ती ऐकून घ्यायची की गाडी विकणाऱ्याला शिव्या घालायच्या? मी म्हणेन, आधी ऐकून घ्या. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या पहिल्या आठवड्यातल्या बारीकसारीक तक्रारींइतकं सुंदर भौतिकशास्त्र दुसरीकडं कुठं फुकट शिकायला मिळत नाही.

आता स्पोर्ट्‌स कार म्हटलं की डोळ्यांपुढं इटली येते, जर्मनी येते. पण एक आपल्या शेजारीच बनत होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सनं ‘स्टॉर्म’ नावाची गाडी काढली. दोन आसनं, उघडणारं छत, फायबरग्लासचं अंग आणि रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. पुढं २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची ‘अवंती’ आली, तिची ताकद चौपटीच्या घरातली आणि गाजावाजाही तितकाच मोठा. पण माझं मन त्या गोव्याच्या छोटीवर आहे. समजा, अशी एखादी वापरलेली छोटी गाडी तुम्ही समुद्रकाठाहून उचलली आणि हजारएक किलोमीटर चालवत वर्ध्याला आणली. कागदपत्रांचं सोडा. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इकडं एमएच-३२ चा नवा नंबर, पंधरा वर्षं उलटलेली असली तर फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण. ते आपल्या चालीनं होईल. आपण गाडीत बसू.

बसू म्हणजे जवळपास रस्त्यावरच बसू. आणि इथंच पहिलं नवल. येळाकेळीच्या बाजूला निघालात, ताशी ६० चा वेग आहे आणि छातीत धडधड होतेय. मीटर खोटं दाखवतोय का? मीटर बरोबर आहे. वेगाचा अंदाज बांधताना आपला मेंदू मीटर बघत नाही. पायाखालची जमीन किती भराभर मागं सरकते, हे तो डोळ्यांच्या उंचीच्या मापानं मोजतो. उंच एसयूव्हीत डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतात, या गाडीत एक मीटरवर. उंच गाडीला ताशी ९० गाठल्यावर जमीन ज्या झपाट्यानं सरकताना दिसते, तोच झपाटा इथं ६० ला दिसतो. साठ अश्वशक्तीच्या गाडीला लोक स्पोर्ट्‌स कार कसे म्हणतात, याचं अर्धं उत्तर इंजिनात नसून तुमच्या डोळ्यांच्या उंचीत आहे. शिवाय दंडाचा धोका कमी. हा फायदा कंपन्या जाहिरातीत का सांगत नाहीत कोण जाणे.

मग समृद्धी महामार्ग लागतो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि वर्धेकरांना सलग, सपाट काँक्रीट मिळालं. सपाट रस्ता हा गाडीचा उलटतपासणी करणारा वकील असतो. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या रस्त्यावर जे खड्ड्यांच्या गोंधळात लपतं, ते इथं उघडं पडतं. ताशी ७५ पर्यंत सगळं ठीक. ८५ ला स्टिअरिंग हातात थरथरू लागतं. ९० ला चांगलंच. आणि घाबरत घाबरत ११० ला गेलात की... थरथर गायब! हा कसला बिघाड, जो वेग वाढवल्यावर बरा होतो?

चाकाचा हिशेब करू. टायरसकट चाकाचा व्यास ६० सेंटिमीटरच्या आसपास. एका फेऱ्यात गाडी जवळपास १.९ मीटर पुढं जाते. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १३ फेरे मारतं. आता रिमच्या कडेला चिकटवलेलं २० ग्रॅमचं एक वजन कधीतरी गळून पडलेलं आहे. वीस ग्रॅम! पण या वेगाला त्या वीस ग्रॅमच्या कमतरतेचा झटका अडीच किलोच्या जोरानं बसतो, सेकंदाला १३ वेळा, दर वेळी दिशा बदलून. आणि प्रत्येक चाकाला, त्याच्या टायर-स्प्रिंगच्या जोडीला स्वतःची हलण्याची एक आवडती गती असते. ती नेमकी सेकंदाला १०-१५ हेलकाव्यांच्या पट्ट्यात येते. झटक्यांची गती या आवडत्या गतीशी जुळली की थरथर फुगत जाते, तिच्या पुढं निघून गेलात की ओसरते. झटका तेव्हाही असतो, उलट जास्तच असतो, पण चाकाला त्याच्या तालावर नाचता येत नाही.

हे ज्ञान वर्ध्याला नवं नाही. इथं ज्यांच्या घरी सूतकताई झाली आहे, त्यांना विचारा चाती वाकडी असली की काय होतं. हळू फिरवली तर चालून जातं, वेग दिला की ती थरथरते आणि सूत तुटतं. चरखा सुधारू पाहणाऱ्या माणसांनी चाती सरळ करण्यावर जेवढं डोकं खर्च केलं, तेवढंच मोटारवाल्यांनी चाकं तोलण्यावर. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नाना तऱ्हेचे चरखे आजही बघायला मिळतात. आणि या दोन चाकांची खरोखरच एकदा गाठ पडली होती! जुलै १९४१ मध्ये हेन्री फोर्ड यांनी गांधीजींना आदराचं एक पत्र लिहिलं. महायुद्धाच्या धामधुमीत ते डिसेंबरात सेवाग्रामला पोचलं. गांधीजींनी उत्तरादाखल काय धाडावं? स्वतः वापरलेला, सही केलेला चरखा. जगाला मोटारी देणाऱ्या माणसाकडं वर्ध्याहून एक चाक गेलं. फोर्डनी त्याची चाती कधी फिरवून बघितली असेल का, हा विचार मला व्हील बॅलन्सिंगच्या दुकानात हटकून येतो. त्या दुकानात तुमच्या थरथरीचा इलाज दहा मिनिटांत होतो.

त्याच समृद्धीवरून खाली उतरून गावातल्या रस्त्याला लागलात की वेगळीच मंडळी बोलू लागते. डॅशबोर्ड करकरतो, दार कुईकुई करतं, आरशातलं चित्र पुसट होतं. छत बंद असताना शेजारी बसलेल्यानं दार आणि अंगाच्या मधल्या फटीवर बोट ठेवावं. फट हलताना कळते! गाडी चक्क पिळवटत असते. साध्या गाडीचं छप्पर ऊनपाऊस अडवतं एवढंच आपल्याला वाटतं, पण ते गाडीचा पिळवटण्याला होणारा विरोध प्रचंड वाढवत असतं. ते कापून टाकलं की राहिलेल्या तळाला सगळं पेलावं लागतं. त्यात वर्ध्याची काळी कापशी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वर्षागणिक लाटालाटांचा होतो. डावं चाक लाटेच्या माथ्यावर, उजवं खळग्यात. उघड्या गाडीला पिळायला याहून चांगलं यंत्र कोणी मुद्दाम बनवलं नसतं. ही कुरकुर बिजागऱ्यांना आणि दाराच्या रबरी पट्ट्यांना जरा सिलिकॉन लावल्यानं कमी होते, संपत नाही. छपराची किंमत आहे ती.

गाडी सरळ सोडली तर डावीकडं ओढते? अलाइनमेंटवाल्याकडं धावण्याआधी रस्ता बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडं घसरतो. दुसऱ्या रस्त्यावर, सपाट जागी करून बघा. अर्ध्या गाड्या तिथंच निर्दोष सुटतात.

आता माझी सगळ्यात आवडती तक्रार. डावा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्याबरोबर नाचायला लागतो. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो. भुताटकी? फायबरग्लासच्या गाड्यांत ही भुताटकी घराघरांतली. १९५३ मध्ये अमेरिकेत कॉर्व्हेट नावाची फायबरग्लासच्या अंगाची गाडी आली, तेव्हापासून जगभरचे मालक या भुताटकीमागं डोकं खाजवत आले आहेत. कारण मोठं मजेदार आहे. दिव्याला वीज जायला एक वाट लागते आणि परत यायला एक. पण साध्या मोटारीत दिव्याकडं एकच वायर गेलेली दिसते. परतीची वाट कुठंय? तुम्ही तिच्यावरच टेकून उभे असता. गाडीचं पत्र्याचं अंग हीच परतीची वायर! बॅटरीचं ऋण टोक अंगाला जोडलेलं असतं आणि प्रत्येक दिव्याची वीज पत्र्यातून घरी परतते. हेडलाइटचा प्रवाह तुमच्या कोपराखालच्या पत्र्यातून वाहत असतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. दाब फक्त १२ व्होल्टचा, त्यामुळं कातडी ओलांडून तो तुमच्याकडं येत नाही.

फायबरग्लास मात्र वीज वाहू देत नाही. त्यामुळं तिथं परतीच्या वायरी वेगळ्या ओढाव्या लागतात आणि त्यांची जोडणी खालच्या पोलादी सांगाड्यावरच्या एखाद्या बोल्टला करावी लागते. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत त्या बोल्टखाली गंज धरला की वीज परत जाऊ शकत नाही. मग ती काय करते? थांबत नाही. दुसऱ्या दिव्याच्या तारेतून, पेट्रोलच्या काट्यातून, जिथून मिळेल तिथून घरची वाट शोधते. म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर उजळतो. एका वर्धेकर वायरमननं असल्याच एका गाडीवर हात ठेवून सांगितलं होतं, “भाऊ, गाडी बिमार नाई हो, निसती अर्थिंग सुटून राह्यली.” बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, परत आवळायचा. तीन तक्रारी एका झटक्यात खलास.

त्याच फायबरग्लासवर, चाकाच्या वरच्या बाजूला, कधी रंगात चांदणीसारख्या बारीक भेगा दिसतात. कोणीतरी वरून काही आपटलं असं वाटतं. बहुतेकदा मार आतून बसलेला असतो. टायरनं उडवलेला खडा खालून आदळतो, पत्रा असता तर पोचा आला असता, इथं वरचा रंगाचा कडक थर तारा होऊन तडकतो. डेंटरला इथं काम नाही.

सकाळच्या पहिल्या दोनचार किलोमीटरांत ठप-ठप-ठप आवाज येतो आणि मग आपोआप जातो, त्याला काय म्हणायचं? बरेच दिवस उभी राहिलेली गाडी टायरच्या एकाच भागावर टेकलेली असते. तिथं टायर चपटं होऊन तसंच आखडतं. चालू लागलं की गरम होतं, गरम झालं की पुन्हा गोल होतं. पण यानिमित्तानं टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचाच. २३१९ असं लिहिलं असेल तर ते टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात जन्मलं. नक्षी कितीही खोल असू दे, जन्मतारीख जुनी असेल तर भुलू नका. रबरात ओझोनपासून बचाव करणारं मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं आणि टायर चालताना दबतं-सुटतं तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. म्हणजे फिरणारं टायर स्वतःला स्वतःच मलम लावतं! गॅरेजात जपून उभ्या ठेवलेल्या गाडीच्या टायरला ते मलम मिळत नाही. “कमी चाललेली गाडी” हे शब्द ऐकून खूश होणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

वर्ध्याचा उन्हाळा हा वेगळाच परीक्षक. पारा ४५ च्या पुढं गेलेल्या मे महिन्यातल्या दुपारी गाडी ओढत नाही, पिकअप गेला असं वाटतं. डिसेंबरात पहाटे १२ अंशांत तीच गाडी कान टवकारून पळते. मेकॅनिकनं काहीही केलेलं नसतं. तापलेली हवा विरळ असते आणि या दोन तापमानांत घनतेचा फरक दहा टक्क्यांचा पडतो. इंजिनाच्या प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी, म्हणून जाळायला मिळणारं पेट्रोलही कमी. साठ घोड्यांतले काही घोडे उन्हात सावली धरून बसतात. शिवाय वर्धा समुद्रसपाटीपासून दोनशेहून जास्त मीटर उंच. किनाऱ्यावर जन्म काढलेल्या गाडीला हवेचा दाबही इथं दोनअडीच टक्के कमीच मिळतो.

अशा दुपारी घरी येऊन किल्ली काढलीत आणि तापमानाचा काटा चढला, पंखा आपोआप सुरू झाला, तर दचकू नका. इंजिन बंद होताच पाणी फिरवणारा पंपही बंद होतो, पण धातूतली उष्णता लगेच जात नाही. ती उभ्या पाण्यात उतरत राहते. मग बराच वेळ खालून टिक, टिक, टिक. तो सायलेन्सरचा पाइप. एक मीटर लांबीचा पोलादी पाइप ४०० अंशांनी तापला तर सुमारे ५ मिलिमीटरनं वाढतो. प्रत्येक फेरफटक्यात तो लांबतो आणि घरी आल्यावर आखडत, अडत, सुटत पुन्हा आपल्या मापावर येतो. म्हणूनच तो गाडीखाली पक्का न आवळता रबरी टांगण्यांवर लटकवलेला असतो. पक्का आवळला असता तर त्यानं स्वतःला केव्हाच तोडून घेतलं असतं.

पावसाळ्यात सकाळी ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी थर दिसतो. बिडाच्या डिस्कला रात्रीतून गंज धरतो आणि पहिल्या दोनचार ब्रेकांत खरखर करत पुसला जातो. तो निरुपद्रवी. ब्रेकमधली न दिसणारी गोष्ट मात्र गंभीर आहे. एक टन वजनाची गाडी ताशी १०० वरून थांबवली तर जी उष्णता तयार होते, तिच्यावर ३० अंशांचं सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. काही सेकंदांत! या भट्टीशेजारी ब्रेकचं तेल असतं आणि त्या तेलाला हवेतली वाफ ओढून घ्यायची खोड आहे. डॉट-४ प्रकारचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या जवळपास पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की बुडबुडे, बुडबुडे दाबले जातात, आणि पाय फळीपर्यंत जातो. गोव्याच्या दमट हवेत वर्षं काढलेल्या गाडीचं ब्रेकचं तेल किती जुनं आहे हे विकणाऱ्याला बहुधा आठवत नसतं. आठवायला लावू नका, बदलून टाका. सगळ्या खर्चात तो सगळ्यात स्वस्त.

एक गोष्ट मात्र नवल म्हणून ऐकत बसायची नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, कडक होतात, चिरतात. फायबरग्लास गंजत नाही हे खरं, पण ते पेटतं. तेव्हा करकर, टिकटिक, ठपठप, सगळं सवडीनं बघा. पेट्रोलचा वास आला तर गाडी बाजूला घ्या, किल्ली काढा आणि नळ्या बदलल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.